हरलेल्याचं काय करायचं?

१५ जून ११८४. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरून सोग्नेफ्योर्ड ही खाडी डोंगर कापत दोनशे किलोमीटर आत शिरते. तिला फाटे आहेत, फाट्यांना पोटफाटे आहेत. अशाच एका चिंचोळ्या पोटफाट्यात, नूराफ्योर्डमध्ये, फिमराइते नावाच्या वस्तीसमोर त्या दिवशी चाळीस जहाजं एकमेकांना भिडली. जूनमध्ये त्या भागात रात्रीही पुरता अंधार पडत नाही. लढाई दुपारनंतर सुरू झाली आणि मध्यरात्रीच्या सुमारास संपली. मारणाऱ्याला आणि मरणाऱ्याला एकमेकांची तोंडं शेवटपर्यंत दिसत असणार.

एका बाजूला माग्नुस एर्लिंग्सन. वय अठ्ठावीस, आर्चबिशपच्या हातून मुकुट चढलेला राजा, जहाजं २६. दुसऱ्या बाजूला स्वेर्रे. फारो बेटांवर वाढलेला, पाद्रीपणाची दीक्षा घेतलेला, आपण एका मेलेल्या राजाचे पुत्र आहोत असं सांगत आलेला. त्याची जहाजं १४. दोघंही स्वतःला नॉर्वेचा राजा म्हणवत होते.

स्वेर्रेचं एक जहाज मात्र अवाढव्य होतं. मारियासूदा त्याचं नाव. निदारोसला, म्हणजे आजच्या त्रोनहाइमला, ते बांधताना मध्येच लांबी वाढवायचा हुकूम सुटला आणि सांधे कच्चे राहिले. माग्नुसच्या लोकांना वाटलं, हे धूड लोळवलं की काम फत्ते. त्यांचा सगळा जोर त्या एका जहाजावर एकवटला. स्वेर्रे स्वतः तेवढ्या वेळात एका लहान होडीतून आपल्या बाकीच्या जहाजांकडे गेला. वाटेत एक बाण त्याच्या डोक्यावर होडीच्या नाळीत घुसला, तरी तो जागचा हलला नाही, असं त्याची सागा, म्हणजे त्या काळचं गद्य चरित्र, सांगते. त्याच्या उरलेल्या तेरा जहाजांनी माग्नुसच्या रांगेचं बाहेरचं टोक गाठलं आणि टोकाच्या एकेका जहाजावर झुंडीने हल्ला चढवला. एका जहाजावरचे लोक मागे रेटले गेले की ते शेजारच्या जहाजावर उड्या टाकत. मग त्या जहाजावर दुप्पट माणसं. ते हटले की तिसऱ्यावर. असं करता करता उरलेली जहाजं आपल्याच माणसांच्या भाराने बुडू लागली. माग्नुस पाण्यात गेला, त्याच्याबरोबर दोन हजारांच्या आसपास माणसं गेली. देशातल्या जुन्या सरदार घराण्यांचे कर्ते पुरुष त्यात होते.

ही लढाई नॉर्वेच्या इतिहासात एका मोठ्या प्रकरणाचा भाग म्हणून शिकवली जाते. ११३० ते १२४० ही एकशेदहा वर्षं तिकडे यादवी युद्धांचा काळ म्हणून ओळखली जातात. या यादवीचं जे सर्वात सोपं स्पष्टीकरण आहे, ते मला पटत नाही. ते स्पष्टीकरण असं: राजाच्या प्रत्येक मुलाला, मग तो लग्नाच्या बायकोचा असो की कुणा दासीचा, गादीवर सारखाच हक्क होता. दावेदार मोप झाले, म्हणून युद्धं झाली. पुढे ‘थोरला औरस मुलगा, तो एकच वारस’ असा कायदा झाला आणि शांतता आली. थोडक्यात, एका म्यानात एकच तलवार ठेवली की प्रश्न मिटला.

हे ऐकायला इतकं सरळ वाटतं की आपण मान डोलावून मोकळे होतो. आणि मग हेच शहाणपण आपण कुठल्याही काळाला, कुठल्याही संस्थेला लावतो: दोन दावेदार नकोत, एकदाच काय तो निकाल लावा, स्थैर्य हवं असेल तर एक माणूस हवा. पक्षात हेच, घराण्याच्या धंद्यात हेच, गावच्या सोसायटीच्या निवडणुकीतही हेच. माझं म्हणणं असं की फिमराइतेच्या पाण्यात दोन हजार माणसं बुडाली ती दावेदार दोन होते म्हणून बुडाली हे अर्धंच खरं आहे. हरणाऱ्याला पाय टेकायला जागा उरली नव्हती, ही उरलेली अर्धी गोष्ट आहे. ती जागा ज्या कायद्याने काढून घेतली, त्यालाच आपण शांततेचा कायदा म्हणतो.

आधी जुन्या पद्धतीची बाजू ऐकू. ११०३ साली राजा माग्नुस बारफूत आयर्लंडच्या मोहिमेत मारला गेला. त्याला तीन मुलगे: ऑयस्टाइन, सिगुर्द, ओलाव. तिघांच्या आया वेगळ्या. ‘एकच वारस’वाल्यांच्या हिशेबाने इथे रक्ताचे पाट वाहायला हवे होते. तिघंही राजे झाले. सिगुर्द साठ जहाजं घेऊन जेरुसलेमच्या यात्रेला गेला, तो तीन-चार वर्षं परतलाच नाही. मागे भाऊ राज्य करत होता. सिगुर्द परत आला तेव्हा त्याची गादी त्याची वाट पाहत होती. (आजच्या एखाद्या पक्षाध्यक्षाने तीन वर्षं यात्रेला जाऊन बघावं.) दोघांचं फार सूत होतं असं नव्हे. एकमेकांना टोमणे मारत, कोण मोठा यावर वाद घालत त्यांनी दिवस काढले, असं सागाकार रंगवून सांगतात. पण तलवार निघाली नाही. ओलाव १११५ साली, ऑयस्टाइन ११२३ साली आजारपणाने गेला. सिगुर्द ११३० पर्यंत होता. वीस वर्षं भाऊ भाऊ नांदले, आणि एकाच गादीवर नांदले.

तर भाऊबंदकी हा शब्द आपल्याकडे एकाच अर्थाने वापरला जातो, पण भाऊपणाने राज्य चालवण्याचीही एक रीत असते. नॉर्वेत ती होती.

ती बिघडली कशी? सिगुर्द जिवंत असतानाच आयर्लंडहून हाराल्द गिल्ले नावाचा एक तरुण आला. मी तुझा सावत्र भाऊ, म्हणाला. खरंखोटं ठरवायला त्याला तापून लाल झालेल्या नऊ नांगराच्या फाळांवरून अनवाणी चालायला लावलं. तो पार पडला. सिगुर्दने त्याला भाऊ मानलं, पण एक शपथ घ्यायला लावली: मी किंवा माझा मुलगा जिवंत असेतो तू गादी मागायची नाहीस. ११३० साली सिगुर्द वारला आणि हाराल्दने शपथ मोडली. सिगुर्दचा मुलगा आणि हाराल्द काही वर्षं एकत्र राजे राहिले, मग लढले. ११३५ साली हाराल्दने पुतण्याला पकडलं. त्याचे डोळे काढले, पाय तोडला, खच्चीकरण केलं आणि मठात टाकलं. पुढच्या वर्षी हाराल्दचा खून झाला, तोही आणखी एका दावेदाराकडून. या तपशिलावरून नजर पटकन पुढे न्यायचा मोह होतो. पण थांबून पाहिलं तर एक गोष्ट दिसते. पुतण्याला जिवंत ठेवूनही त्याला राजा होण्यास नालायक करायचं, यासाठी केलेली ती शस्त्रक्रिया होती. हरलेल्याचं काय करायचं, या प्रश्नाला दिलेलं हे एक उत्तर होतं. सर्वात वाईट उत्तर.

हाराल्द गिल्लेचे मुलगेही आधी वाटणीनेच राज्य करत होते. मग ११५५ मध्ये सिगुर्द मून, ११५७ मध्ये ऑयस्टाइन, ११६१ मध्ये पाठीला कुबड असलेला इंगे, असे तिघंही मारले गेले. हे मी लपवणार नाही, कारण माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा हा पुरावा आहे. शेजारच्या डेन्मार्कमधला तर आणखी विरुद्ध जातो. ११५७ च्या ऑगस्टमध्ये तिथे स्वेन, क्नुद आणि वाल्देमार या तिघांनी देश वाटून घेतला, आणि काही दिवसांतच रॉस्किल्दच्या मेजवानीत स्वेनच्या माणसांनी क्नुदला कापलं. वाल्देमार जखमी होऊन निसटला आणि ऑक्टोबरमध्ये ग्राथेच्या माळावर त्याने स्वेनचा निकाल लावला. वाटणी किती टिकली? पक्वान्नं गार होईपर्यंत.

तेव्हा वाटणी म्हणजे शांतता, असं मी म्हणत नाही. वाटणी टिकायला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे तिच्याआधी दोघांनाही कळलेलं असावं लागतं की समोरचा संपत नाही. दुसरी म्हणजे राजांच्या भोवतीच्या माणसांचं पोट वेगवेगळ्या राजांवर अवलंबून नसावं. सिगुर्द आणि ऑयस्टाइन यांच्या काळात सरदार दोघांचेही होते. हाराल्दच्या मुलांच्या काळात प्रत्येकाभोवती आपापली टोळी जमली. मग राजा नसेल तर टोळीला खायला नाही, आणि म्हणून राजा मेला तरी टोळी मरत नाही. ती दुसरा मुलगा शोधते. नॉर्वेच्या यादवीत अनेकदा आधी टोळी होती, मग तिने राजा पैदा केला.

आता त्या कायद्याकडे वळू. ११६१ साली इंगे पडल्यावर त्याच्या टोळीकडे राजा उरला नाही. टोळीतला सर्वात हुशार माणूस एर्लिंग. एका जखमेमुळे मान तिरकी झाली म्हणून त्याला स्काक्के, म्हणजे तिरका, म्हणत. त्याची बायको क्रिस्तीन ही यात्रा करून आलेल्या त्या सिगुर्द राजाची मुलगी. त्यांचा मुलगा माग्नुस, वय पाच. तोच राजा झाला. अडचण एवढीच होती की जुन्या रिवाजाप्रमाणे माग्नुसला काडीचाही हक्क नव्हता, कारण तो राजाचा मुलगा नव्हता, राजाच्या मुलीचा मुलगा होता. त्याच्याजवळ एकच गोष्ट होती जी बाकीच्या दावेदारांजवळ नव्हती: त्याच्या आईबापांचं रीतसर लग्न झालं होतं.

मग त्या एका गोष्टीचाच कायदा करण्यात आला. ११६३ च्या सुमारास बर्गनमध्ये आर्चबिशप ऑयस्टाइनने पोपच्या प्रतिनिधीसमक्ष या सात-आठ वर्षांच्या मुलाला मुकुट चढवला. स्कँडिनेव्हियातला हा पहिला राज्याभिषेक. त्याच वेळी वारसाचा नवा कायदा आला. राजाचा थोरला औरस मुलगा राजा व्हावा. तो दुष्ट किंवा बुद्धीने अधू असेल तर दुसरा भाऊ. आणि निवडायला बिशप, मठाधिपती आणि प्रत्येक बिशपक्षेत्रातून बिशपांनीच नेमलेली बारा माणसं. चर्चला यातून काय मिळालं हे वेगळं सांगायला नको. राजा कोण, हे ठरवण्याच्या खोलीची किल्ली त्यांच्या हाती आली.

हा कायदा कागदावर आजही समंजस वाटतो. अनौरस मुलांचे दावे बंद, निवडीची पद्धत ठरलेली, नालायक वारसाला वगळायची सोय. पण तो कुणी केला, कधी केला, कुणासाठी केला हे पाहा. डाव रंगात आला असताना एका संघाने नियम लिहिला, आणि त्या नियमात बसणारा खेळाडू मैदानात एकच होता. बाकी सगळे त्या दिवसापासून दावेदार राहिले नाहीत, गुन्हेगार झाले. एर्लिंग स्काक्केने मग पुढची पंधरा वर्षं गुन्हेगार निपटायचं काम नेटाने केलं. त्यात हाराल्द नावाचा एक मुलगा होता. तो क्रिस्तीनलाच सिगुर्द मूनपासून झालेला, म्हणजे माग्नुसचा आईकडून सख्खा भाऊ, असं सांगितलं जातं. त्यालाही मारण्यात आलं. कायदा आला आणि भाऊ मारला गेला, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

कायद्याने ज्यांना बाहेर ठेवलं ते जंगलात गेले. अंगावर धड कपडा नाही, पायात वहाण नाही, म्हणून त्यांनी पिंडऱ्यांना भूर्ज झाडाची साल गुंडाळली. लोक त्यांना हिणवून बिर्केबाइनर म्हणू लागले, भूर्जपायी. ११७७ च्या जानेवारीत त्यांचा राजा पडला आणि उरलेसुरले लोक स्वीडनच्या सीमेकडे पळाले. तिथे त्यांना स्वेर्रे भेटला. पुढची सात वर्षं म्हणजे भुकेने मरायला टेकलेल्या टोळीचं सैन्य कसं झालं याची गोष्ट आहे. ११७९ साली निदारोसमध्ये त्यांनी एर्लिंगलाच मारलं. स्वेर्रेने त्याच्या दफनावेळी भाषण केलं. आर्चबिशपने लोकांना सांगितलं होतं की माग्नुससाठी लढताना जो मरेल त्याचा आत्मा, रक्त जमिनीवर सांडायच्या आधी, स्वर्गात पोचेल. स्वेर्रे म्हणाला, मग आज आनंदाचा दिवस आहे, इतके नवे संत झाले. पाद्रीपणाची पोथी वाचलेल्या माणसानेच असा टोला मारावा.

सागेनुसार, मधल्या काळात बोलणी झाली तेव्हा स्वेर्रेने माग्नुसला राज्य वाटून घेण्याचा प्रस्ताव दिला होता. माग्नुसने नकार दिला. कारण? मला अभिषेक झालाय. मी शपथ घेतलीय. देवाने दिलेलं मी वाटू कसं? फिमराइतेची लढाई माझ्या मते इथे ठरली, खाडीत फक्त पार पडली. माग्नुस काही क्रूर माणूस नव्हता. दिलदार, लोकांना आवडणारा होता असं शत्रूची सागाही सांगते. पण त्याच्या मुकुटाने त्याचे हात बांधले होते. जुन्या रिवाजातला राजा अर्धं राज्य देऊन घरी गेला असता आणि राजाच राहिला असता. अभिषेक झालेल्या राजाला ती सोय नव्हती. तो पूर्ण राजा होता, नाहीतर कुणीच नव्हता.

इथे वाचकाने मला अडवायला हवं, की ही सगळी हकीकत कोण सांगतंय? आक्षेप रास्त आहे. स्वेर्रेच्या सागेचा पहिला भाग आइसलंडच्या थिंगेयरार मठाचा प्रमुख कार्ल योन्सन याने लिहिला, आणि काय लिहायचं ते स्वेर्रे स्वतः शेजारी बसून सांगत होता. हे सागेच्या प्रस्तावनेतच नोंदवलंय. इतकी प्रामाणिक कबुली देणारं दरबारी चरित्र विरळा. तेव्हा प्रस्ताव स्वेर्रेने खरंच मनापासून दिला होता, की नकार मिळणार हे माहीत असल्यामुळे दिला होता, याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा. माझा अंदाज दुसऱ्या शक्यतेकडे झुकतो. तरी माझा मुद्दा त्याने हलत नाही. विजेत्याला नंतर ‘मी वाटून घ्यायला तयार होतो’ असं लिहून ठेवावंसं वाटलं, याचा अर्थ लोकांच्या मनात वाटून घेणं ही अजून सभ्य गोष्ट होती.

आणि स्वेर्रे खरा राजपुत्र होता का? तोतया हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. स्वेर्रे म्हणे, मी सिगुर्द मूनचा मुलगा, जन्म ११५१ च्या सुमाराचा. पण चर्चच्या नियमाने पाद्री व्हायला तीस वर्षं पुरी लागत, आणि तो पंचविशीत नॉर्वेला आला तेव्हा दीक्षा झालेली होती. नियम काटेकोर पाळला असेल तर त्याचा जन्म आणखी मागे जातो, आणि सिगुर्द मून तेव्हा बाप होण्याच्या वयाचा उरत नाही. नियम वाकवलेला असेल तर प्रश्नच नाही. याहून बोलका प्रसंग त्याच्याच सागेत आहे. एरिक नावाचा माणूस आला, मीही सिगुर्दचा मुलगा म्हणाला, आणि तापलेलं लोखंड हातात धरायला तयार झाला. शपथ घेताना त्याने स्वतःबरोबर स्वेर्रेचंही नाव घेतलं: मी राजाचा मुलगा आणि स्वेर्रेचा भाऊ असेन तर माझा हात भाजू नये. स्वेर्रेने त्याला थांबवलं. तुझ्यापुरती शपथ घे, म्हणाला, माझ्यासाठी लोखंड धरायची गरज नाही. स्वतः स्वेर्रेने ते लोखंड कधी धरलं नाही. फिमराइतेला टोकाच्या जहाजांवर तुटून पडणारा सरदार हाच एरिक.

मला स्वतःला या प्रश्नात फार रस नाही. रक्त खरं निघालं असतं तर ते दोन हजार लोक बुडणं योग्य ठरलं असतं का? आणि खोटं निघालं तर माग्नुसचा कायदा न्याय्य ठरतो का? ‘खरा वारस कोण’ हे कोडं सोडवत बसलं की लढाईच्या दोन्ही बाजूंनी आपल्याला जिथे बघू द्यायचं होतं तिथेच आपण बघत राहतो.

फिमराइतेनंतर स्वेर्रे एकटा राजा होता. ‘एकच वारस’वाल्यांच्या हिशेबाने आता तरी शांतता यायला हवी. माग्नुसचं प्रेत सापडलं, बर्गनच्या ख्रिस्त चर्चमध्ये पुरलं गेलं, त्याची माणसं रडली, स्वेर्रेने त्याच्याबद्दल चांगले शब्द काढले. पुढच्याच वर्षी कुव्लुंग नावाची टोळी उठली. त्यांचा राजा मठातून उचलून आणलेला, स्वतःला इंगेचा मुलगा म्हणवणारा. ती मोडली तर आणखी एक. मग ऑर्कनी बेटांवरून ‘बेटदाढीवाले’ आले, माग्नुसचा एक लहान मुलगा पुढे करून. ११९४ मध्ये बर्गनजवळ फ्लोर्वोगला त्यांची कत्तल झाली, आणि त्या बंडाची किंमत म्हणून ऑर्कनीच्या जार्लकडून, म्हणजे तिथल्या सरदाराकडून, शेटलंड बेटं काढून घेतली गेली. त्याच वर्षी, अभिषेकाची टर उडवणाऱ्या स्वेर्रेने बिशपांना धाकात घेऊन स्वतःच्या डोक्यावर मुकुट चढवून घेतला. ११९६ मध्ये बाग्लर उठले. बाग्ल म्हणजे बिशपची काठी, नावातच सगळं आलं. पोपने बहिष्कार घातला होता. स्वेर्रे १२०२ च्या मार्चमध्ये बर्गनला आजारपणाने मेला. जाताना म्हणाला, राज्याने मला सुखापेक्षा कष्ट आणि कटकटीच जास्त दिल्या. आणि मेल्यावर माझं तोंड उघडं ठेवा, बिशपांच्या शापाची खूण चेहऱ्यावर उमटते का ते मित्रशत्रू सगळ्यांना बघू द्या, असं सांगून गेला. अठरा वर्षं एकट्याने राज्य केलं त्याचं हे मोजमाप.

या अठरा वर्षांतली एक नोंद मला राजांच्या सगळ्या भाषणांपेक्षा जड वाटते. ११९७ साली बाग्लर लोकांनी निदारोसजवळचा स्वेर्रेचा गड घेतला, घरं जाळली, आणि एक मेलेला माणूस उचलून विहिरीत डोक्याकडून टाकला. वरून दगड लोटले. उद्देश पाणी नासवायचा असावा. सागेत एवढंच, एक ओळ. १९३८ साली त्या विहिरीच्या तळाशी हाडं सापडली. अलीकडे ती नीट उकरून काढली, आणि २०२४ साली संशोधकांनी त्याच्या दातातून मिळालेला डीएनए वाचल्याचं प्रसिद्ध झालं. वय तीस ते चाळीस. निळे डोळे, फिकट केस असावेत. आणि पूर्वज नॉर्वेच्या अगदी दक्षिण टोकाचे, आग्देर भागाचे. आता दक्षिण हा बाग्लर लोकांचा मुलूख. म्हणजे हा स्वेर्रेच्या बाजूचा दाक्षिणात्य होता, की हल्लेखोरांनी आपलंच एक प्रेत विहिरीत टाकलं? सागेला त्याचं नाव नोंदवावंसं वाटलं नाही. दोन्ही बाजूंच्या राजांच्या सात पिढ्या आपल्याला पाठ आहेत.

मग युद्ध थांबलं कसं? थोरल्या मुलाच्या कायद्याने मुळीच नाही. १२०८ साली क्वित्सोय नावाच्या बेटावर दोन्ही टोळ्या बसल्या, बिशप मध्यस्थ होते. बिर्केबाइनरांचा इंगे बोर्दसन राजा राहिला. बाग्लरांच्या फिलिपुसला पूर्वेकडचा मुलूख मिळाला आणि स्वेर्रेची मुलगी क्रिस्तीन बायको म्हणून मिळाली. राजा ही पदवी त्याने सोडायची असं ठरलं. त्याने सोडली नाही, मरेपर्यंत स्वतःला राजाच म्हणवलं, आणि कुणी त्यावरून लढाई केली नाही. म्हणवून घे बाबा. माझ्या मते नॉर्वेच्या त्या शतकातला हा सर्वात शहाणा निर्णय होता, आणि तो कुठल्याही कायद्यात लिहिलेला नव्हता. १२१७ मध्ये फिलिपुस आणि इंगे दोघंही वारले. तेरा वर्षांचा होकोन, स्वेर्रेचा नातू, राजा झाला. त्याच्या आईला त्याचं पितृत्व सिद्ध करायला लोखंड धरावं लागलं. बाग्लर लवकरच त्याच्यात विलीन झाले.

हा होकोन दोन वर्षांचा असताना बिर्केबाइनरांनी त्याला भर हिवाळ्यात स्कीवरून डोंगर ओलांडून नेलं होतं. त्याची आठवण म्हणून रेना ते लिलेहामर अशी ५४ किलोमीटरांची शर्यत १९३२ पासून होते. प्रत्येक स्पर्धक त्या बाळाच्या नावाने साडेतीन किलोंचं ओझं पाठीवर घेतो. बाळ ज्यांच्यापासून वाचवलं त्या बाग्लर लोकांच्या नावाने कुणी धावत नाही. पण ते बाळ पुढे निवांत राज्य करू शकलं ते त्यांच्याशी झालेल्या समेटामुळे.

होकोनच्या काळातही एक दावेदार होता: स्कूले बोर्दसन, मेलेल्या इंगेचा भाऊ. त्याला देशाचा तिसरा हिस्सा मिळाला, त्याची मुलगी मार्ग्रेते १२२५ मध्ये होकोनला दिली गेली, १२३७ मध्ये ड्यूक ही पदवी मिळाली. नॉर्वेतला पहिला ड्यूक. आणि एवढं देऊनही १२३९ मध्ये त्याने बंड केलंच. बघा, म्हणतील, वाटा देऊन काय मिळालं? मिळालं ते हे, की बंड काही महिन्यांत आटपलं. आधीच्या साठ-सत्तर वर्षांत हरलेल्यांची एकेक टोळी दहा दहा वर्षं जंगलात तग धरून होती, कारण तिला परतायला घर नव्हतं. स्कूलेच्या मागे पुरेसे लोक गेलेच नाहीत. बहुतेकांकडे आता गमावण्यासारखं काहीतरी होतं.

१२६० साली अखेर तो कायदा झाला, थोरला औरस मुलगा, एकच राजा. तो टिकला. ११६३ चा टिकला नव्हता. शब्दांत फार अंतर नाही, मधल्या शंभर वर्षांत अंतर आहे. आणि १२६० च्या कायद्याचा पहिला फायदा ज्याला मिळाला तो होकोनचा मुलगा माग्नुस. त्याची आई मार्ग्रेते, म्हणजे आजोबा स्कूले. १२४० च्या मे महिन्यात निदारोसजवळ एल्गेसेतेर मठाला होकोनच्या बिर्केबाइनरांनी आग लावली आणि बाहेर आलेल्या स्कूलेला मारलं, तेव्हा हा नातू दोन वर्षांचा होता. बापाची टोळी आजोबाला मारत असताना तो पाळण्यातून नुकता उतरला असेल. १२७४ मध्ये त्याने सगळ्या देशासाठी एकच कायदेसंहिता दिली, आणि लोकांनी त्याला ‘लागाबोते’, कायदा सुधारणारा, असं नाव ठेवलं.